दंडाची पिल्लं

असं समजा, की तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि बँकेत एका खुर्चीवर बसला आहात. शेजारी तुमची आई आहे. टेबलापलीकडे बँकेचे साहेब आहेत. आईला साहेबांची भाषा भाजीबाजारापुरती येते, साहेबांना आईची अजिबात येत नाही. दोघांना एकमेकांशी बोलायचं आहे आणि दोघांचंही बोलणं तुमच्या तोंडून जायचं आहे. आईचा आवाज कापरा झाला तरी तुमचा होऊन चालणार नाही. साहेब वैतागले तरी तुम्ही वैतागायचं नाही. जमेल?

घाई करू नका, विचार करून सांगा. आमच्या मांगेरेत, सामोआ बेटांवरून इथे परदेशी कामाला आलेल्यांच्या या वस्तीत, जवळजवळ प्रत्येक सामोअन घरातल्या थोरल्या मुलीने हे काम कधी ना कधी केलेलं आहे. दवाखान्यात, शाळेत, घरभाड्याच्या कचेरीत. त्याचे कोणी मार्क देत नाही. फेतू नावाच्या मुलीने ते बँकेत कसं केलं, ते आज सांगतो.

फेतूची आई मेकेरिता इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर चादरींच्या घड्या घालून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. वडील मासेमारीच्या मोठ्या बोटीवर, म्हणजे घरी पाहुण्यासारखे. आणि आईचे थोरले भाऊ, तौसागा मामा, दोन गल्ल्या सोडून राहायचे. ते पावाच्या कारखान्यात भट्टीवर होते, पण आमच्यात त्यांची खरी ओळख वेगळी. ते कुळाचे वक्ते. लग्न असो, मयत असो, कुळाच्या वतीने उभं राहून बोलायचं ते मामांनी. एकदा बोलायला लागले की जेवण गार होणार, हे सगळ्यांना माहीत.

त्या वर्षी नाताळात फेतू पहिल्यांदा सामोआला जाणार होती. सावाई बेटावर तिचे आजोबा होते, आईचे वडील. त्यांना तिने फक्त फोनवर ऐकलं होतं. त्यांची नजर झपाट्याने कमी होत होती. फोनवर ते म्हणायचे, "पोरी, तू दिसायला माझ्यावर गेलीस म्हणतात. मला खात्री करून घ्यायची आहे. या डोळ्यांत आता थोडंच तेल उरलंय, लवकर ये." चर्चमधली एक मावशी दर नाताळात जायची, ती फेतूला सोबत नेणार होती. आईने बिस्किटांच्या डब्यात तिकिटाचे पैसे साठवत आणले होते.

आणि मग बँकेची पत्रं आली.

म्हणजे ती आधीपासूनच येत होती. आई ती न उघडता फ्रीजवर ठेवायची, कारण बँकेच्या पाकिटातून चांगली बातमी आल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. एके दिवशी ढिगारा घसरून फेतूच्या डोक्यावर पडला, तेव्हा तिने पाकिटं फोडली.

"आई, तू बँकेकडून उधार घेतलंस?"

"मी? मी तर तुझ्या मामाकडून साखरसुद्धा उसनी घेत नाही."

"यात लिहिलंय, खात्यात नव्हते तेवढे पैसे तू वापरलेस. म्हणून दंड. प्रत्येक वेळी वीस डॉलर."

"प्रत्येक वेळी म्हणजे?"

फेतूने पाकिटं पुढे सरकवली. जवळजवळ दर आठवड्याला एक दंड होता. सगळे मिळून साडेतीनशेच्या घरात गेले होते.

आता इथे मेकेरिताने काय केलं ते नीट ऐका, कारण असं फक्त आमच्यातलंच माणूस करील. तिने 'हे का?' असं विचारलं नाही. तिला लाज वाटली. आमच्यात कोणाच्या हातून अपराध झाला, तर त्याच्या घरचे लोक डोक्यावर चटई पांघरून समोरच्याच्या दारात जाऊन बसतात. समोरच्याने ती चटई उचलली की भांडण मिटलं. त्यानंतर ते उकरून काढणारा माणूस हलका ठरतो. बँकेच्या दारात चटई घेऊन बसता येत नाही, एवढं मेकेरिताला कळत होतं. म्हणून तिने पहाटे उठून पानीपोपो केले. नारळाच्या गोड दुधात भाजलेले ते मऊ पाव. डब्यातले तिकिटाचे पैसे काढले. रविवारची पांढरी टोपी घातली आणि फेतूला घेऊन ती बँकेत गेली.

साहेबांचं नाव मिस्टर हॅडली. मध्यमवयीन, जरा दमलेले, पण वाईट माणूस नव्हे. त्यांच्यासमोरून जाताना आई वाकून गेली, बसा म्हणेपर्यंत बसली नाही. मग मान खाली घालून म्हणाली, "आमच्या हातून चूक झाली. आम्हाला क्षमा करा." फेतूने ते जसंच्या तसं सांगितलं. आईने आणलेले पैसे भरून खात्यातला खड्डा बुजवला आणि पावांचा ट्रे टेबलावर ठेवला.

मिस्टर हॅडलींचे कान लाल झाले. "अगं, आईंना सांग, याची काही गरज नव्हती," असं म्हणता म्हणता त्यांनी एक पाव उचलला. मग आणखी एक. निघताना आईशी हस्तांदोलन केलं.

बाहेर आल्यावर आई कितीतरी दिवसांनी हसली. "मिटलं बाई," ती म्हणाली. "डबा रिकामा झाला खरा, पण नाताळापर्यंत जादा पाळ्या करीन."

पुढच्या महिन्यात पुन्हा पाकीट आलं. आता फ्रीजवर काही ठेवायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून फेतूने ते लगेच वाचलं. पुन्हा दंड. शिवाय खाली एक ओळ होती: आपण शाखेत येऊन चूक मान्य केलीत, याबद्दल आभारी आहोत.

आईने पत्र घडी करून पुन्हा पाकिटात घातलं. मग म्हणाली, "पण त्याने खाल्ले ना?"

"दोन खाल्ले," फेतू म्हणाली.

संध्याकाळी तौसागा मामा आले. कारखान्यातला शिल्लक पाव त्यांच्या काखेत होता. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मेकेरिता, तू माफी मागायला गेलीस आणि मला, कुळाच्या वक्त्याला, घरी ठेवलंस?"

"दादा, तू बोलला असतास तर बँक बंद व्हायची वेळ झाली असती."

"झाली असती तर झाली असती. पण मी आधी विचारलं असतं, अपराध काय? अपराध न बघता चटई पांघरली की माणूस चटईतच गुदमरतो."

"अपराध लिहिलाय की. पैसे नसताना वापरले."

"कधी वापरलेस? कशाला?"

आईला ते सांगता येईना. फेतूला एक युक्ती सुचली. चर्चच्या हाउजीच्या सोंगट्यांची पिशवी त्यांच्याच घरी असायची. तिने ती टेबलावर ओतली. "आपण खेळून बघू. आई, तू आई. मामा, तू बँक. मी घरमालक."

"मी बँक कशाला? मला चांगलं काम दे."

"बँकेलाच सगळ्यात जास्त सोंगट्या मिळतात."

"मग चालेल," मामा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

खेळ सोपा होता. गुरुवारी संध्याकाळी आईचा पगार खात्यात येतो. शुक्रवारी ती घरखर्चाची ठरलेली रक्कम काढते, दर वेळी तेवढीच. बरोबर भाड्यापुरते मागे राहतात. पुढच्या गुरुवारी सकाळी बँक ते भाडं घरमालकाला परस्पर देते. संध्याकाळी पुन्हा पगार. फेतूने दोन आठवडे असे खेळून दाखवले. सगळं ठीक. वाटीतल्या सोंगट्या येत होत्या, जात होत्या, कोणाचं काही अडत नव्हतं.

"मग हिवाळ्यात, जूनमध्ये, पीता काका वारले," आई आठवत म्हणाली. "तेव्हा मयताच्या घरी द्यायच्या पाकिटासाठी मी थोडे जास्त काढले होते. सातच डॉलर."

"तेवढे काढ." फेतूने वाटीतून छोटी सोंगटी बाजूला केली. "आता गुरुवार सकाळ. मी भाडं मागते. सात कमी आहेत."

"मग देत नाही," मामा म्हणाले. "संध्याकाळी ये. तिचा पगार येतोय."

"बँक तसं म्हणत नाही. बँक आपल्या खिशातून सात घालते."

"भला माणूस आहे मी."

"आणि त्याचे वीस घेते."

मामांनी वीसची सोंगटी उचलली आणि तिच्याकडे जरा संशयाने बघितलं. "सातांचे वीस? सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे?"

"हो. आता पगार आला. आई, शुक्रवार. तू नेहमीएवढेच काढ. तुला दंडाचं ठाऊकच नाही, पत्र महिनाअखेरीला येतं."

आईने सोंगट्या काढल्या. फेतूने वाटी तिच्यापुढे धरली. भाड्याला सत्तावीस कमी होते. पुन्हा गुरुवार झाला, मामांनी पुन्हा वीस घेतले. पुढच्या गुरुवारी पुन्हा. आई दर वेळी तेच करत होती, जे ती इतकी वर्षं करत आली होती, आणि मामांसमोरचा ढीग वाढत होता. शेवटी मामांनी हात मागे घेतले.

"बास. मला नाही व्हायचं बँक."

"अजून आई पैसे भरून खड्डा बुजवते तो आठवडा राहिलाय. त्या आठवड्याचा दंड ती भरून आल्यावर कापला गेला, म्हणून बुजवला तरी..."

"कळलं गं," मामा म्हणाले. "पहिला दंड सात डॉलरमुळे. बाकीचे? ते त्या पहिल्या दंडाची पिल्लं आहेत. त्या सातानंतर हिने एकही पैसा जास्त खर्च केलेला नाही. घुशीने बीळ केलं आणि मग बीळ आहे म्हणून घरमालकाला दंड केला."

आई सोंगट्यांकडे बघत बसली होती. रागावली नव्हती. खूप दिवस बंद असलेल्या खोलीत दिवा लागल्यावर माणूस बघतो, तसं बघत होती. मग ती सावकाश म्हणाली, "मग मी माफी कशाची मागितली?"

मामांनी पाव कापला आणि पहिला तुकडा बहिणीपुढे ठेवला.

पुढच्या सोमवारी तिघं बँकेत गेले. तिकिटाचे पैसे मावशीकडे शनिवारपर्यंत पोचायला हवे होते, नाहीतर विमानातली जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. मामांनी राखाडी रंगाचा लावालावा, म्हणजे आमची लुंगी, नेसला होता, वर कोट, आणि खांद्यावर नारळाच्या काथ्याचा झुबका, वक्त्याची खूण. दारावरच्या पोऱ्याने झाडू आणलाय का म्हणून विचारलं. मामांनी त्याला क्षमा केली.

मिस्टर हॅडली म्हणाले, "माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत."

फेतूने ते मामांना सांगितलं. मामा उभे राहिले, झुबका या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि बोलू लागले. या घराच्या खांबांना त्यांनी नमस्कार केला. खांबांवर छप्पर धरणाऱ्यांना केला. मिस्टर हॅडलींच्या आईवडिलांना, ते जिथून जहाजाने आले त्या किनाऱ्याला, त्या जहाजाला वारा देणाऱ्या देवाला. रांगेतले लोक वळून ऐकू लागले. नोटा मोजणारी मुलगी मोजणं विसरली. बऱ्याच वेळाने मामा थांबले आणि फेतूकडे बघून मान हलवली. म्हणजे, सांग.

"मामा म्हणतात, गुड मॉर्निंग," फेतू म्हणाली.

"एवढंच?" मिस्टर हॅडली म्हणाले.

"आमच्यात ते मोठं असतं."

मिस्टर हॅडली हसले, आणि मग फेतूने पंधरातल्या उरलेल्या मिनिटांत दंडाच्या पिल्लांची गोष्ट सांगितली. पहिला का झाला, दुसरा कशामुळे झाला, तिसरा कशामुळे. मध्येमध्ये थांबून ती आईला विचारून घेत होती. मिस्टर हॅडली आधी घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवला आणि बोटाने एकेक ओळ खाली खाली मोजत गेले. त्यांची भुवई वर चढली आणि तिथेच राहिली.

"हे असं व्हायला नको होतं," ते म्हणाले. "पण अडचण अशी आहे, की तुझ्या आईंनी गेल्या खेपेला स्वतःच चूक मान्य केली. तशी नोंद आहे."

फेतूने ते आईला सांगितलं. सांगताना तिला गालांवर ऊन आल्यासारखं वाटलं, कारण ते मान्य करणारे शब्द साहेबांपर्यंत तिनेच पोचवले होते.

आईने मान वर केली. पहिल्यांदाच ती मिस्टर हॅडलींकडे सरळ बघत होती. "त्यांना सांग, मी माफी मागितली ते खरं. ती मी परत घेत नाही. पण त्यांनी ती घेतली होती. घेतल्यावर पुन्हा मारायचं नसतं."

फेतूने सांगितलं. मिस्टर हॅडली काही वेळ टेबलावरच्या पेनाशी चाळा करत राहिले. "ते पाव फार छान होते," ते हळूच म्हणाले. मग उठून आतल्या खोलीत गेले. काचेतून ते फोनवर बोलताना दिसत होते. एकदा त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

"पलीकडे पण कोणी वक्ता असणार," मामा म्हणाले.

मिस्टर हॅडली परत आले ते एक कागद घेऊन. "माझ्या अधिकारात अर्धे पैसे परत देता येतात. आजच्या आज. इथे सही करायची. पूर्ण हवे असतील तर लेखी तक्रार वरच्या कार्यालयात जाईल. ते बघतील. मिळतील असं मला वाटतं, पण दोन महिने तरी जातील."

"कागदावर काय लिहिलंय?" आईने विचारलं.

फेतूने वाचलं. त्यावर लिहिलं होतं, की खातं नीट न चालवल्याची जबाबदारी खातेदाराची असून बँक केवळ सद्भावनेने ही रक्कम देत आहे, आणि यापुढे खातेदाराची काही तक्रार उरलेली नाही.

आईने डोळे मिटले, उघडले. मग ती फेतूकडे वळून, अगदी खालच्या आवाजात, घरात बोलतो तसं बोलली. "हे बघ बाळा. चूक आपली नाही, ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. पण अर्ध्यात मामा थोडे घालतील, तुझं तिकीट होईल. माझ्या बापाचे डोळे दोन महिने थांबायचे नाहीत. एक खोटी सही काय, मी करीन. त्यांना फक्त हो म्हणून सांग."

मामा खिडकीबाहेर बघू लागले. बहीण असं बोलत असताना भावाने तिच्याकडे बघायचं नसतं.

मिस्टर हॅडली वाट बघत होते. "काय म्हणाल्या?"

आता पुन्हा कल्पना करा, की तुम्ही त्या खुर्चीवर बसला आहात. एकच शब्द सांगायचा आहे. तो सांगितला, की शनिवारी तिकीट. नाताळात सावाई, समुद्राकाठचं घर, आणि ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही ते आजोबा. हे सगळं त्या एका शब्दापलीकडे आहे. आणि अलीकडे तुमची आई आहे, जी पेन शोधायला पिशवीत हात घालते आहे.

फेतूने एक श्वास घेतला आणि आईने जे जे सांगितलं होतं, ते सगळं सांगितलं. फक्त 'हो' नाही, सगळं. "माझी आई म्हणते, चूक आमची नाही. ते तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण माझ्या आजोबांची नजर जाते आहे आणि मला त्यांना भेटायचं आहे. म्हणून ती खोटी सही करायला तयार आहे. आई म्हणते, हो म्हणून सांग."

मिस्टर हॅडलींनी कागदाकडे बघितलं आणि तो आणखी पुढे सरकवला नाही.

आईला सगळे शब्द कळले नव्हते, पण 'हो'पेक्षा जास्त बोललं गेलंय एवढं कळलं होतं. "फेतू, काय सांगितलंस तू त्यांना?"

"तू बोललीस तेवढंच."

"ते तुला सांगितलं होतं. त्यांना नव्हे."

"आई," फेतू म्हणाली, आणि तिचा आवाज जरा हलला, पण थांबला नाही. "आजोबांना मी आज फोन करते. त्यांना सांगते, डोळे पुढच्या नाताळापर्यंत सांभाळा. नाहीच टिकले, तर मी जवळ बसून सांगेन मी कशी दिसते ते. पण मी तिथे गेले आणि त्यांनी विचारलं, तुझी आई कशी आहे, तर मी काय सांगू? खोटी सही करून मला पाठवलं, असं?"

आईचा हात पिशवीतच राहिला. खूप वेळाने तो बाहेर आला, तेव्हा त्यात पेन नव्हतं. तिने तो फेतूच्या गुडघ्यावर ठेवला. मामा खिडकीपासून वळले. या खेपेला त्यांनी काहीच भाषण केलं नाही.

फेतू मिस्टर हॅडलींकडे वळली. "वरच्या कार्यालयाला लिहायचा कागद द्या, प्लीज."

त्यांनी खणातून कोरा अर्ज काढला, सोबत स्वतःचं पेन दिलं, आणि पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती तरी खुर्ची मागे सरकवून बसून राहिले. फेतूने अर्जावर आईचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, चर्चच्या वहीत असतं तसं. मग पेन कागदावर टेकवून ती आईला म्हणाली, "सांग, पहिलं वाक्य काय लिहू?"